मोठ्या मत्स्यालयातील वाळूगाळण : तत्त्व, उपयुक्तता आणि मर्यादा

प्रस्तावना :
नागपूर आणि वाळूगाळण यांचा संबंध जुना आहे. १९५८ मध्ये येथे स्थापन झालेल्या व १९७४ पासून ‘नीरी’ या नावाने परिचित असलेल्या संस्थेने पाणीपुरवठ्यासाठी मंदगती वाळूगाळणीचा अभ्यास केला. हेच तत्त्व मोठ्या मत्स्यालयातही वापरले जाते. मात्र दोहोंचे उद्दिष्ट भिन्न आहे. हा भेद स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

कार्यपद्धती :
मंदगती गाळणीत पाणी ताशी ०.१ ते ०.३ मीटर वेगाने झिरपते आणि वाळूवरील जैविक थर शुद्धीकरणाचे कार्य करतो. मत्स्यालयात एवढी जागा उपलब्ध नसते. तेथे बंद टाकीतील वाळूमधून पंपाच्या दाबाने पाणी वेगाने खाली नेले जाते. सुमारे अर्धा मिलिमीटर आकाराच्या वाळूकणांत विष्ठा, उरलेले खाद्य व शेवाळ अडकते. गाळ साचल्यावर दाबमापकावरील दाब वाढतो. तेव्हा प्रवाह उलटा करून वाळू धुतात.

समजा, १ लाख लिटरच्या मत्स्यालयाचे पाणी दर दोन तासांनी एकदा गाळावयाचे आहे. ताशी २५ मीटर वेग गृहीत धरल्यास २ चौरस मीटर वाळूपृष्ठ, म्हणजे सुमारे १.६ मीटर व्यासाची टाकी लागेल. ताशी ३५ मीटर वेगाने पाच मिनिटे धुण्यास जवळजवळ ६ हजार लिटर पाणी खर्च होईल. नागपूरच्या उन्हाळ्यात हा व्यय दुर्लक्षणीय नाही. गोड्या पाण्याच्या मत्स्यालयातील हे पाणी बागेस देता येते. त्याऐवजी भरावयाचे नळाचे पाणी मात्र क्लोरीनविरहित केलेले असावे.

मर्यादा :
वाळू गढूळपणा दूर करते. विरघळलेला अमोनिया नव्हे. अडकलेला गाळ वेळीच न काढल्यास तो कुजून उलट अमोनियाच निर्माण करतो. त्यामुळे स्वतंत्र जैविक गाळण अनिवार्य ठरते. वीजपुरवठा दीर्घकाळ खंडित झाल्यास बंद टाकीतील जिवाणू प्राणवायू संपवितात. पंप पुन्हा सुरू होताच ते दूषित पाणी माशांपर्यंत पोहोचते. पाणी तापल्यास हा धोका वाढतो, कारण २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू सामावू शकतो, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅमच. म्हणून अशा वेळी प्रथम वाळू धुऊन ते पाणी बाहेर सोडावे.

निष्कर्ष :
नितळ पाणी म्हणजे निर्धोक पाणी नव्हे. वाळूगाळण ही शुद्धीकरणाची पहिली पायरी आहे. तिची उपयुक्तता यंत्राच्या आकारापेक्षा नियमित धुलाई आणि अमोनियाच्या तपासणीवर अधिक अवलंबून असते.