हृदयविकाराची खतावणी

धान्याच्या व्यापारात एकाच पोत्याची वानगी पाहून साऱ्या वखारीचा सौदा करणारा मनुष्य पेढीवर फार दिवस टिकत नाही. अनेक पोत्यांतून मूठ-मूठ दाणा काढून पाहावा लागतो. प्रकृतीच्या बाबतीत मात्र आपण हा नियम सोयिस्करपणे विसरतो. “आमच्या आजोबांनी जन्मभर तूप खाल्ले व नव्वदी गाठली,” हे विधान हाथीखान्याच्या बाजारात नित्य कानी पडते. ही एका पोत्याची वानगी झाली. असे किती आजोबा पन्नाशीतच गेले, त्याचा जमाखर्च कोणी ठेवलेला नसतो.

तो ठेवण्याचा थोर उपक्रम अमेरिकेतील फ्रामिंगहॅम या गावी १९४८ साली आरंभला गेला. ५,२०९ स्त्रीपुरुषांची दर दोन वर्षांनी तपासणी करावयाची, आणि कोणास हृदयविकार जडतो व कोणास नाही, हे धीराने पाहत राहावयाचे. तोवर वयोमानाने चढणारा रक्तदाब स्वाभाविकच मानला जाई. वाढलेला रक्तदाब व रक्तातील कोलेस्टेरॉल हे पुढील संकटाचे सूचक आहेत, हे या संशोधकांनी १९६१ साली आकड्यांनिशी मांडले.

आपल्या देशातही अशी एक खतावणी त्याच सुमारास तयार होत होती, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. वडोदऱ्यावरून जिच्या गाड्या धावतात, त्या पश्चिम रेल्वेचे मुख्य वैद्यकीय अधिकारी डॉ. एस. एल. मल्होत्रा यांनी १९५८ ते १९६२ या काळातील भारतभरच्या रेल्वे नोकरांच्या मृत्यूंचा अभ्यास केला. रेल्वेजवळ प्रत्येक नोकराचे वय, काम व ठिकाण यांची नोंद असते. संशोधकास याहून उत्तम रोजमेळ कोठे मिळणार? दहा लाखांहून अधिक पुरुषांच्या या हिशेबात असे दिसले की, दक्षिणेकडील नोकरांत हृदयविकाराचे मृत्यू पंजाबकडील नोकरांपेक्षा सुमारे सात पट होते. वास्तविक पंजाबी मनुष्य स्निग्ध पदार्थ कित्येक पटींनी अधिक खात असे, तेही बहुतांशी दूध-तुपातून! हा निबंध १९६७ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला.

तूपप्रेमी वाचकांनी येथेच थांबू नये. ही खतावणी अठरा ते पंचावन्न वर्षांच्या नोकरांपुरतीच होती. पंचावन्नीनंतर काय झाले, ते तीत नाही. दोन प्रांतांत तुपाखेरीज इतरही शंभर गोष्टी वेगळ्या असतात. शिवाय २०१६ सालच्या राज्यवार पाहणीत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण सर्वाधिक असलेल्या राज्यांत केरळ व तमिळनाडूबरोबर पंजाबचेही नाव आले.

डॉ. सलीम युसुफ यांच्या नेतृत्वाखाली बावन्न देशांत झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. तंबाखू, बिघडलेली रक्तातील चरबी, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट अशा नऊ कारणांनी बहुतेक सर्व झटक्यांचा उलगडा होतो, असे त्यात ठरले. आपल्या उपखंडातील लोकांना पहिला झटका साधारण त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतरांना एकोणसाठीच्या सुमारास, हेही त्याच पाहणीतून दिसले. पोट सुटणे हे आपल्या व्यवसायात पूर्वी पेढीची पत समजले जाई!

यापुढचा शोध पुण्याचा. के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांची व बालकांची नोंद सुरू केली. ही बालके इंग्लंडमधील बालकांहून वजनाने बरीच कमी, अंगाने किडकिडीत. परंतु त्वचेखालील चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. २००४ साली ‘लॅन्सेट’ पत्रिकेत डॉ. याज्ञिक व इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र आले होते. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी समान. तथापि इंग्रज डॉक्टरांच्या देहात चरबी ९.१ टक्के, तर आपल्या डॉक्टरांच्या देहात २१.२ टक्के! वजनाचा काटा खरा असूनही मालाची प्रत कळत नाही, ती अशी.

याच नोंदींतून आपल्या समाजाशी निगडित असा एक विषय पुढे आला. या मातांपैकी निम्म्याहून अधिक जणींच्या रक्तात ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव होती. ज्या मातांमध्ये ही उणीव व जोडीला फोलेटचे आधिक्य होते, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारा बिघाड अधिक आढळला. ब-१२ वनस्पतींत नसते. शाकाहारी मनुष्यास ते मुख्यतः दूध, दही व ताक यांतूनच मिळते. त्याच्या गोळ्यांनी मोठ्या माणसाचा झटका टळतो, असे प्रयोगांत सिद्ध झालेले नाही. रक्त व मज्जातंतूंसाठी मात्र ते अवश्य लागते. घरात गर्भवती सून वा कन्या असल्यास वैद्यकीय सल्ल्याने त्याची तपासणी करून घ्यावी.

औषधाविषयी काही भगिनी संकोच करतात. ब-१२ सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने आंबवून तयार करतात, मांसापासून नव्हे. मात्र कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेले असते. म्हणून दुकानदाराकडे साधी गोळी मागावी आणि तिच्यातील घटकही विचारून घ्यावेत.