इंजिनाचा उसना दम

मराठी शिकविणाऱ्या माणसाने मोटारीच्या इंजिनावर लेख लिहावा, ही गोष्ट पुष्कळांना अधिकप्रसंगाची वाटेल. आमच्या सौभाग्यवतींनी तर विषय ऐकताच, "पुन्हा तेच?" असे विचारले. त्या 'पुन्हा'मध्ये काय काय साठलेले आहे, ते सांगावे म्हणूनच हा लेख लिहायला बसलो आहे.

मी पेणला असतो. धाकटा भाऊ रोह्याला. त्याची एक डिझेलवर चालणारी पिकअप होती. धाटावच्या कारखान्यांची पिंपे, भाताची पोती, लग्नाची भांडी, जे मिळेल ते तो वाहून नेई. पण त्याचे खरे सुगीचे दिवस आषाढापासून. पेणच्या गणेशमूर्ती पुण्याकडे निघाल्या, की महिना-दीड महिना त्याला जेवायला उसंत नसे. वर्षभराचे हप्ते त्या दीड महिन्यावर चालत.

ही गोष्ट आठ-नऊ वर्षांपूर्वीची. गाडी त्याने जुनीच घेतली होती, आणि तोवर ती बारा वर्षांची झाली होती. खोपोली सोडून खंडाळ्याचा घाट लागला, की ती दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढे. मागून नव्या पिकअप येत, हॉर्न देत आणि बघता बघता वळणाआड जात. त्या गाड्यांना कारखान्यातूनच टर्बो बसवलेला असे. एका व्यापाऱ्याने भावाच्या फेऱ्या कमी करून अशाच एका गाडीवाल्याला दिल्या. तेव्हा एका रविवारी तो पेणला आला, चहा अर्धवट ठेवून म्हणाला, "दादा, गाडीला टर्बो बसवतो. चाळीस हजार कमी पडताहेत."

माझे पहिले अज्ञान असे, की टर्बो म्हणजे एखादे तेल असावे असा माझा समज होता! मग शब्द पाहिला. लॅटिन भाषेत 'टर्बो' म्हणजे भोवरा. आणि खरोखरच ही वस्तू म्हणजे एक भोवराच आहे.

वाचकहो, इंजिन हे श्वास घेणारे यंत्र आहे. एक किलो डिझेल पुरते जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. म्हणजे जवळजवळ बारा घनमीटर, एका लहानशा खोलीतली सगळी हवा! धूर होऊ नये म्हणून प्रत्यक्षात याहून बरीच अधिक पुरवावी लागते. साधे इंजिन पिस्टन खाली जाताना जेवढी हवा आपोआप आत येईल तेवढीच घेते. तेवढ्या हवेत जेवढे डिझेल जळेल तेवढीच त्याची शक्ती. त्याहून अधिक डिझेल ओतले तर काळा धूर होतो आणि पैसे जातात.

आता लोहाराचा भाता आठवा. तेच कोळसे, तीच भट्टी. पण भाता हलला की लोखंड लाल होते. टर्बो हा इंजिनाचा भाता आहे. मौज अशी, की तो हलवायला माणूस लागत नाही. डिझेलातल्या एकंदर उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते आणि जवळजवळ तेवढीच सायलेन्सरवाटे फुकट जाते. त्या बाहेर पडणाऱ्या तापलेल्या वायूच्या वाटेत एक छोटे पात्यांचे चाक बसवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक. ते बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबते. दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो आणि केसाहून पातळ अशा तेलाच्या थरावर तरंगत फिरतो.

ही कल्पना स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्यूखी या इंजिनिअरची. त्याने तिचे पेटंट घेतले १९०५ साली. पण एवढ्या उष्णतेत आणि वेगात टिकणारे धातू तेव्हा कोठे होते? वीस वर्षे त्याला वाट पाहावी लागली. १९२५ च्या सुमारास दोन जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांना टर्बो बसला, आणि १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले. तिकडे अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ साली विमानाचे एक लिबर्टी इंजिन ट्रकवर लादून पाइक्स पीक या चौदा हजार फुटांहून उंच शिखरावर नेले. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्तीचे ते इंजिन विरळ हवेत २३० वर आले होते. टर्बो जोडताच ते ३५६ वर गेले. ट्रकसाठी टर्बोचे इंजिन स्वित्झर्लंडच्या सावरर कंपनीने १९३८ साली केले.

मी हे सारे भावाला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो म्हणाला, "दादा, म्हणजे बसवायचा ना?" विद्या ही अशी घातक असते. मी चाळीस हजार काढून दिले.

रोह्याचे मिस्त्री वयाने साठीचे आणि शब्दाने कमी. त्यांनी प्रथम नकारच दिला. म्हणाले, "मास्तर, टर्बोचं इंजिन कारखान्यात निराळं बांधतात. त्याचा पिस्टन निराळा. खालून तेलाची धार मारून तो गार करतात. हेडचं गॅसकेट भक्कम. दाबही मुळात कमी ठेवलेला असतो. साध्या इंजिनावर टर्बो लावणं म्हणजे पाटीवाल्याच्या डोक्यावर दोन पाट्या. चालेल, पण किती वेळ?"

आम्ही हट्ट धरला तेव्हा त्यांनी अटी घातल्या. हवेचा दाब अगदी बेताचा ठेवायचा. घाट चढून थांबल्यावर इंजिन लगेच बंद करायचे नाही. दोन मिनिटे तसेच चालू द्यायचे, नाहीतर तापलेल्या दांड्याभोवती तेल करपते. पंपाच्या स्क्रूला हात लावायचा नाही. आणि शेवटची अट : बाहेर पडणाऱ्या वायूची उष्णता दाखवणारा एक काटा गाडीत हवाच. त्या काट्याची किंमत ऐकून मी म्हणालो, "तो पुढच्या महिन्यात बघू." हे वाक्य माझे आहे. भावाचे नव्हे, मिस्त्रींचेही नव्हे.

जुन्या बाजारातून टर्बो आला. मिस्त्रींनी चार दिवस खपून तो बसवला. ब्लॉकमधून तेलाची नळी काढली, परतीची नळी सरळ उतरती ठेवली. पहिली फेरी नागोठण्याकडे सुकेळी खिंडीतून झाली. मी शेजारी बसलो होतो. ज्या चढावर गाडी एरवी रडायची तेथे ती तिसऱ्या गिअरमध्ये शीळ घालत चढली. होय, बारीक शीळच. तो भोवऱ्याचा आवाज. भावाच्या चेहऱ्यावर मी तसा आनंद त्याच्या लग्नानंतर प्रथमच पाहिला.

माणसाला थोडे मिळाले, की थोडे आणखी हवे असते. भावाने एके दिवशी पंपाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला. डिझेल वाढले, जोर वाढला, धूरही वाढला. धुराला तो जोरच समजला.

श्रावणातली रात्र. गाडीत शाडूच्या मूर्ती, गवत आणि प्लॅस्टिक घालून रचलेल्या. त्यात कारखानदाराचे वर्षभराचे श्रम आणि पुण्याच्या कितीतरी घरांची श्रद्धा. सपाट रस्त्यावर इंजिनाला पुरता जोर पाव-अर्धा मिनिट लावावा लागतो; घाटात तो मिनिटामागून मिनिटे लावावा लागतो. खिंडीने जे लपवले ते घाटाने दाखवले. अर्ध्या घाटात पांढरा धूर निघाला, खडखड झाली आणि इंजिन बंद पडले. पिस्टनचा माथा वितळून त्याला भोक पडले होते.

इंजिन बंद पडले, की ब्रेकला मदत करणारा पंपही थांबतो, ही गोष्ट तोवर मला ठाऊक नव्हती. ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. गाडी मागे सरकू लागली. भाऊ दोन्ही पाय ब्रेकवर देऊन, हँडब्रेक ओढून उभाच राहिला. बरोबरच्या पोराने पावसात उडी टाकून चाकामागे दगड सारला. हातभर अंतरावर गाडी थांबली. मागे बस होती, माणसांनी भरलेली. मग तीन अनोळखी ड्रायव्हरांनी आपापल्या गाड्या बाजूला घेतल्या आणि भर पावसात एकेक मूर्ती हातोहात दुसऱ्या पिकअपमध्ये चढवली. एकही भंगली नाही. पहाटे तीनला त्याचा फोन आला. पैशाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. "दादा, बस होती मागे," एवढेच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मिस्त्रींपुढे मान खाली घालून बसलो. त्यांनी तो पिस्टन माझ्या हातात दिला, आणि काट्याचा विषयही काढला नाही.

आणखी एक धडा उरला होता. आमच्या जिल्ह्याचे परिवहन कार्यालय पेणलाच, माझ्या रोजच्या गावात. इकडच्या गाड्यांवर 'एमएच ०६' लागते ते त्याचेच. तरी तेथे विचारावे हे मला सुचले नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम स्पष्ट सांगते, की उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीत उतरलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाने करू नये. पुढे २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही हे कलम कडक अर्थानेच लावले. त्या रात्री अपघात झाला असता, तर विमा कंपनीने पहिला प्रश्न कोणता विचारला असता, याचा विचार आजही मला झोपेतून उठवतो.

टर्बो उतरवला. मिस्त्रींनी इंजिन पूर्ण उघडले. नवे पिस्टन, नवे लायनर घातले, नोझल बदलले, पंप यंत्रावर तपासून कंपनीच्या मापावर आणला. एअर फिल्टर काढून त्यांनी तो माझ्यासमोर आपटला. धुळीचा ढीग पडला. एक ब्रेकही चाकाला धरून बसला होता. म्हणाले, "मास्तर, निम्मा दम इथं अडकला होता." आणि खरेच, साध्या श्वासाची ती गाडी पहिल्यापेक्षा चांगली चढू लागली. उसना दम आणण्यापूर्वी स्वतःचा दम कोठे कोंडला आहे ते पाहावे, हे आम्हांला कोणी सांगितले नव्हते असे नाही. आम्ही विचारले नव्हते.

पुढे तीन वर्षांनी भावाने कारखान्यातूनच टर्बो बसून आलेली पिकअप हप्त्यांवर घेतली. माझे चाळीस हजार त्याने पै न् पै फेडले. मी नको नको म्हणत होतो. वहिनींनी पाकीट देवापुढे ठेवून मग माझ्या हाती दिले.

तो जुना टर्बो आता माझ्या टेबलावर असतो. विद्यार्थ्यांचे पेपर वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्याचा चांगला उपयोग होतो. पुतण्या आला, की बोटाने चाक फिरवतो आणि त्याचा आवाज ऐकत बसतो. यंदा तो आयटीआयला डिझेल मेकॅनिकच्या वर्गात गेला. परवा त्याने मला विचारले, "काका, याला उष्णतेचा काटा होता का?"

मी त्याला खरे ते सांगितले.