फलज्योतिषाची सांख्यिकीय चाचणी (पुणे, २००८)

फलज्योतिषाची सांख्यिकीय चाचणी हा जन्मकुंडलीवरून व्यक्तीची बुद्धिमत्ता ओळखता येते काय, हे तपासण्यासाठी महाराष्ट्रात करण्यात आलेला प्रयोग होय. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी तो केला.

पार्श्वभूमी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये विद्यापीठांत ज्योतिषाचे अभ्यासक्रम सुरू करण्याचे ठरविल्यावर फलज्योतिष विज्ञान आहे काय, हा वाद देशभर झाला. त्यात गणित असल्याने ते विज्ञानच, असे समर्थक म्हणत. तथापि ग्रहांची स्थाने काढणे हे खगोलगणित होय. त्या स्थानांवरून माणसाचे गुण किंवा भवितव्य कळते, हे विधान निराळे असून त्याची स्वतंत्र परीक्षा आवश्यक ठरते.

पद्धत

हुशार १०० व मतिमंद १०० अशा २०० मुलांच्या जन्मवेळा मिळवून कुंडल्या तयार करण्यात आल्या व त्यांना सांकेतिक क्रमांक देण्यात आले. सहभागी ज्योतिष्यास ४० कुंडल्या देऊन प्रत्येक कुंडली कोणत्या गटातील, हे विचारण्यात आले. नाणे उडवून उत्तरे दिली तरी सुमारे २० बरोबर येतात; म्हणून यशासाठी किमान २८ अचूक उत्तरांचा निकष ठेवण्यात आला.

निष्कर्ष

५१ ज्योतिष्यांनी सहभाग दर्शविला. २७ जणांनी उत्तरे पाठविली. सर्वाधिक अचूक उत्तरे २४ होती, तर सरासरी निम्म्याहून कमी भरली. सर्व २०० कुंडल्या घेणाऱ्या एका ज्योतिषसंस्थेची १०२ उत्तरे बरोबर आली. हे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

महत्त्व

खरी ठरलेली भाकिते लक्षात राहतात, फसलेली विसरली जातात. त्यामुळे 'अनुभव येतो' हाच सर्वसामान्यांना पुरावा वाटतो. २४ हा आकडाही सुटा पाहिल्यास कौशल्याचा भासतो. परंतु २७ जणांनी निव्वळ अंदाज केले, तरी त्यांतील दोघा-चौघांचे गुण योगायोगाने तेवढे येऊ शकतात. या चाचणीत केवळ बुद्धिमत्तेविषयीचे विधान तपासले गेले. अन्य विधानांबाबत ती काही सांगत नाही. त्यांचा पुरावा देण्याची जबाबदारी मात्र ती विधाने करणाऱ्यावरच राहते. आपले म्हणणे कोणत्या निकालाने चुकीचे ठरेल, हे आधी सांगून मग परीक्षेस सामोरे जाणे, हे वैज्ञानिक पद्धतीचे लक्षण मानले जाते.