पाणी धरायचं कसं? बाटली, जार आणि घागरीबद्दलचे गैरसमज

लातूर-नांदेडकडे पाणी ही उचलून नेण्याची वस्तू आहे. दुकानात वीस लिटरचा जार, क्लासला निघालेल्या पोरांच्या दप्तरात लिटरची बाटली आणि उन्हाळ्यात टँकरभोवती प्लास्टिकच्या घागरी. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटलं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. पहिल्या खेपेत १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. पुढे टँकरपासून चुलीपर्यंतचा टप्पा मात्र माणसांच्या, त्यातही बहुतेक बायकांच्या हातांनीच पार पडला. तरीही भांडं घेताना आपण किंमत पाहतो, रंग पाहतो, किती लिटरचं ते विचारतो. धरायला कसं आहे, हे क्वचितच पाहतो. त्यामागे काही पक्के गैरसमज आहेत.

गैरसमज : बाटलीवरच्या आडव्या खाचा बोटांसाठी असतात.

वस्तुस्थिती : पाण्याच्या बाटलीवरच्या बहुतेक खाचा मजबुतीसाठी असतात. पातळ प्लास्टिकचं सपाट नळकांडं दाबलं की चेपतं. त्याला गोल कड्यांसारख्या खाचा दिल्या की कमी प्लास्टिकमध्येही ते ताठ उभं राहतं. बोटं त्यात बसली तर तो वरचा फायदा. कोल्ड्रिंकच्या बाटलीला अशा खोल खाचा सहसा नसतात, कारण आतला वायू चारी बाजूंनी सारखा दाब देतो आणि तो दाब गोल, गुळगुळीत आकारच नीट पेलतो. तिच्या बुडाला पाकळ्यांसारखे पाय असतात, तेही या दाबामुळे बूड फुगून बाटली डुलू नये म्हणून.

गैरसमज : कोका-कोलाची कमनीय बाटली आणि गोटी सोड्याची चिमटलेली बाटली पकड चांगली यावी म्हणून तशी घडवली.

वस्तुस्थिती : कोका-कोलाची बाटली १९१५ मध्ये अमेरिकेतल्या टेरे हॉट गावच्या काच कारखान्यात आकाराला आली. अंधारात नुसत्या स्पर्शानं ओळखता यावी, फुटून पडली तरी तुकड्यांवरून कळावी, अशी कंपनीची अट होती. नकली मालाला तोंड देण्यासाठी ती ओळख हवी होती. गोटी सोड्याच्या बाटलीचं पेटंट इंग्लंडच्या हायरम कॉड यांनी १८७२ मध्ये घेतलं. तिच्या मानेतले खळगे गोटीसाठी आहेत. ओतताना गोटी तिथं अडकते आणि तोंड बंद होत नाही. दोन्ही बाटल्या हातात छान बसतात हे खरं, पण त्यांचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला.

गैरसमज : बाटली जितकी पातळ आणि हलकी, तितकी धरायला सोपी.

वस्तुस्थिती : लिटरभर पाण्याचं वजन एक किलो असतं. बाटलीचे चार-पाच ग्रॅम वाचले तर हाताला काही कळत नाही, पण ताठपणा गेलेला लगेच कळतो. सीलबंद असताना आतल्या दाबामुळे बाटली टणक लागते. काही कारखाने त्यासाठी झाकण लावण्याआधी आत द्रवरूप नायट्रोजनचा थेंब सोडतात. झाकण उघडलं की तो दाब संपतो, पोट दबतं आणि पाणी अंगावर उडतं. म्हणून उघडताना बाटलीचं पोट न धरता ती मानेखाली धरावी. तिथलं प्लास्टिक पोटापेक्षा जाड असतं.

गैरसमज : हात घट्ट असला की बाटली निसटत नाही.

वस्तुस्थिती : निसटणं ताकदीइतकंच घर्षणावर अवलंबून असतं. घर्षण निम्मं झालं तर तीच बाटली धरायला दुप्पट जोर लावावा लागतो. आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हात तळहाताला घाम असतो आणि गार बाटलीवर हवेतली वाफ थेंब होऊन बसते. चकचकीत स्टीलची बाटली अशा वेळी हमखास सटकते. शिवाय हातांची मापं सारखी नसतात. हत्याराची मूठ साधारण तीन-चार सेंटिमीटर जाडीची असली की मुठीत पूर्ण जोर येतो. लिटरची बाटली त्याच्या दुप्पट जाड असते आणि लहान हाताची बोटं तिला वेढत नाहीत. अशा हातांसाठी मध्ये बारीक केलेली, खरखरीत पट्टा असलेली बाटली बरी. भारतीय शरीरांची मापं देबकुमार चक्रवर्ती यांच्या १९९७ च्या ग्रंथात अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं छापली आहेत. परदेशी हाताच्या मापावर अडून राहायचं कारण उरलेलं नाही.

गैरसमज : जारला मूठ दिली की प्रश्न मिटला.

वस्तुस्थिती : कामगारांच्या सुरक्षिततेसाठी अमेरिकेच्या 'नायॉश' संस्थेनं १९९१ मध्ये सुधारलेलं वजन उचलण्याचं सूत्र जगभर वापरतात. त्यानुसार सगळं अनुकूल असताना मर्यादा २३ किलो आहे. पकड वाईट असेल तर ती फक्त दहा टक्क्यांनी घटते. पण ओझं अंगापासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर दूर गेलं, तर मर्यादा थेट निम्मी होते. हात जमिनीलगत नेऊन उचलायचं असेल, तर अंगाजवळ धरूनही ती १८ किलोच्या आसपास येते. वीस लिटरचा जार तिथंच मर्यादा ओलांडतो. म्हणून मूठ वरच्या बाजूला हवी, जार अंगालगत राहील असा अरुंद हवा आणि दहा लिटरचा पर्याय सहज मिळायला हवा. मूठ बारीक तारेची असेल तर सगळा भार बोटांच्या एका रेघेवर येतो. तारेवर रबरी पाइपचा तुकडा चढवला तरी बराच आराम पडतो.

गैरसमज : पकडीचा विचार ही आधुनिक चैन आहे, जुन्या भांड्यांत तो नव्हताच.

वस्तुस्थिती : चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी जोडप्यानं १९५८ मध्ये भारत सरकारला अहवाल दिला. त्यातून पुढं १९६१ मध्ये राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सर्वाधिक वाखाणलेली वस्तू म्हणजे लोटा, आपला तांब्या. हाताचं माप, डोक्यावर की कमरेवर नेणार, भरल्यावर आणि रिकामं असताना तोल कुठं राहतो, अशा कितीतरी प्रश्नांची उत्तरं त्या आकारात पिढ्यान्‌पिढ्यांनी शोधली आहेत, असं त्यांचं म्हणणं. तांब्याच्या काठाखाली बोटं अडकतात म्हणून ओला हातही सुटत नाही. कळशीचं पोट कमरेला टेकतं म्हणून ओझं अंगालगत राहतं, म्हणजे नायॉशचं सूत्र जे सांगतं तेच.

तेव्हा बाटली, जार किंवा घागर घेताना ती पाण्यानं भरून, ओल्या हातानं, एकदा उचलून पाहा. घरात ज्याच्या हातात सर्वांत कमी जोर आहे, त्या आजीला किंवा लहान मुलीला ती झेपते का, तेही पाहा. बनवणाऱ्यांनीही हीच कसोटी लावावी, कारण बलदंड हाताला कुठलंही भांडं चालतं. जिथं पाणी मोजून मिळतं तिथं निसटलेली घागर म्हणजे पुन्हा रांगेत उभं राहणं. त्यामुळे लातूर-नांदेडमध्ये पाणीटंचाईचा आराखडा करताना किती टँकर, किती लिटर याच्याबरोबर ते पाणी कोण, कशात आणि किती अंतर उचलणार, हेही लिहिलं गेलं पाहिजे.