त्सुकुबा डोंगराच्या पलीकडे

टोकियोच्या ईशान्येला साठेक किलोमीटरवर असलेलं त्सुकुबा हे सरकारने ठरवून वसवलेलं शहर. १९६३ मध्ये मंत्रिमंडळाने निर्णय घेतला आणि पाइनची रानं आणि शेतं होती तिथे एकेक करून संशोधन संस्था आल्या. १९७३ मध्ये विद्यापीठ सुरू झालं, १९८५ मध्ये विज्ञान-तंत्रज्ञानाचं जागतिक प्रदर्शन भरलं. इथल्या केईके या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत भारतीय शास्त्रज्ञांसाठी उभारलेली क्ष-किरणांची वेगळी व्यवस्था आहे. त्यामुळे आपल्याकडचे संशोधक इथे येत-जात असतात आणि मराठी घरांत त्सुकुबाचं नाव पोहोचलंच तर याच वाटेने पोहोचतं. गरिबाला परवडणाऱ्या उपचारांचा विषय मनात धरून त्सुकुबाकडे पाहू लागलं, की प्रयोगशाळा मागे राहतात आणि नजर शहराच्या उत्तरेला उभ्या असलेल्या ८७७ मीटर उंचीच्या डोंगराकडे जाते. त्या डोंगराच्या पलीकडे, वायव्येच्या सपाटीवर, क्योवा नावाचं शेतकऱ्यांचं गाव आहे. लहान आकाराच्या कलिंगडांसाठी ते ओळखलं जातं. २००५ मध्ये शेजारच्या गावांबरोबर ते चिकुसेई या नव्या नगरपालिकेत सामील झालं. इथे १९८१ मध्ये जे काम सुरू झालं, ते महाराष्ट्रात, विशेषतः गडचिरोलीत आणि बीडमध्ये, बारकाईने वाचलं जावं असं मला वाटतं.

त्या काळातला जपान आज डोळ्यांपुढे आणणं अवघड जातं. १९५१ पासून १९८० पर्यंत या देशात सर्वाधिक माणसं पक्षाघाताने मेली. आपल्या खेड्यांत ज्याला लकवा म्हणतात तोच हा आजार. जपानच्या खेड्यांत मेंदूतली रक्तवाहिनी फुटण्याचं प्रमाण फार मोठं होतं आणि बळी जात होते ते कष्टकरी शेतकरी, पुष्कळदा ऐन कर्त्या वयातले. वाचलेला माणूस अंथरुणाला खिळायचा आणि त्याच्या सेवेत घरातली एक बाई अडकून पडायची. कारणं त्यांच्या जेवणातच होती: भाताबरोबर खारट लोणची, मिसोचं सूप, खारवलेले मासे, आणि दूध-मांस-अंडी फारच थोडी. त्यात थंडीत न तापणारी घरं. उत्तरेकडच्या अकिता प्रांतात १९५० च्या दशकात माणशी रोजचं मीठ २५ ग्रॅमच्या वर मोजलं गेलं होतं. जागतिक आरोग्य संघटना आज ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते.

योशिओ कोमाची या डॉक्टरांनी ओसाकातल्या सहकाऱ्यांसह १९६३ पासून अकितातल्या खेड्यांत रक्तदाब मोजायला सुरुवात केली. पुढे ते त्सुकुबा विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आले आणि त्यांच्याबरोबर कामाची ती रीतही आली. क्योवात १९८१ मध्ये नगरपालिका, स्थानिक डॉक्टर आणि विद्यापीठ यांनी मिळून पक्षाघात रोखण्याचा कार्यक्रम हाती घेतला. पद्धत साधी होती. दर वर्षी गावकऱ्यांची तपासणी. ज्याचा रक्तदाब जास्त निघेल त्याला डॉक्टरकडे पाठवायचं आणि तो खरंच गेला का हे पाहायचं. गेला नसेल तर नगरपालिकेच्या पगारावरची आरोग्य परिचारिका, म्हणजे होकेन्शी, त्याच्या घरी जाणार. वाढलेल्या रक्तदाबाच्या लोकांसाठी वेगळे वर्ग, आणि साऱ्या गावासाठी मीठ कमी करण्याची मोहीम. ती चालवायला गावातल्याच बायकांना शिकवून तयार केलं. शेजारणीच्या चुलीपाशी जाऊन सूप किती खारट आहे हे सांगणं त्यांनाच शक्य होतं. बाहेरून आलेल्या डॉक्टरला ते जमलं नसतं.

यात महागडं यंत्र कुठेच नाही, आणि ते असण्याची सोयही नव्हती. इबाराकी प्रांतात डॉक्टर आजही कमी आहेत. २०२० मध्ये दर लाख लोकांमागे जपानची सरासरी २५६.६ असताना इबाराकीत १९३.८ डॉक्टर होते आणि तेही त्सुकुबाच्या आसपास एकवटलेले. शेतीच्या भागात जे काम झालं ते परिचारिकांच्या पायांवर.

पण परिचारिका आपल्याकडेही आहेत, आशाताई आहेत, रक्तदाबाचं यंत्र उपकेंद्रात आहे. मग क्योवासारख्या गावांत हे काम दशकानुदशकं का टिकलं? त्याचं उत्तर मला नगरपालिकेच्या जमाखर्चात सापडतं.

जपानचा राष्ट्रीय आरोग्य विम्याचा पहिला कायदा १९३८ चा. सैन्याला खेड्यांतून धडधाकट जवान हवे होते, हे त्यामागचं एक मोठं कारण. युद्धात ही व्यवस्था कोलमडली. १९४८ मध्ये ती चालवण्याची जबाबदारी गावांकडे आणि नगरपालिकांकडे आली. तरी १९५६ च्या सुमाराला देशातली जवळजवळ एक तृतीयांश माणसं कोणत्याही विम्याबाहेर होती: शेतकरी, छोटे दुकानदार, रोजंदारीवरचे मजूर. १९५८ मध्ये नवा कायदा झाला आणि १९६१ पर्यंत प्रत्येक गावाने विमा चालवणं सक्तीचं झालं. सुरुवातीला रुग्णाला बिलाची निम्मी रक्कम भरावी लागे. १९६८ पर्यंत हा वाटा सर्वांसाठी ३० टक्क्यांवर आला.

म्हणजे गावाची नगरपालिकाच विमा कंपनी झाली. हप्ता गोळा करणारी तीच, इस्पितळाचं बिल चुकवणारी तीच, आणि घरोघर फिरणाऱ्या परिचारिकेला पगार देणारीही तीच. एका शेतकऱ्याला पक्षाघात झाला की त्या बिलाची झळ तिच्या तिजोरीला लागायची आणि पुढच्या वर्षीच्या हप्त्यातून ती सगळ्या गावाला जाणवायची. परिचारिकेच्या पगारावर केलेला खर्च त्याच तिजोरीत वाचून परत येत होता. गावप्रमुखाला मीठ कमी करण्यात रस असायला त्याहून मोठं कारण लागत नाही. (२०१८ पासून या विम्याच्या पैशाची मुख्य जबाबदारी प्रांतांकडे गेली आहे. त्याने गावाची ही आच कमी होईल की काय, ही काळजी मला अनाठायी वाटत नाही.)

क्योवाच्या आधीही काही गावांनी हे ओळखलं होतं. इवाते प्रांतात, हिवाळाभर बर्फात अडकणाऱ्या सावाउची नावाच्या दरिद्री खेड्याचे प्रमुख मासाओ फुकाझावा यांनी १९६० मध्ये ६५ वर्षांवरच्या सर्वांचे उपचार मोफत केले. विमा कायद्यात हे बसत नाही, असा आक्षेप वरून आला. त्यावर त्यांनी राज्यघटनेच्या २५व्या कलमावर बोट ठेवलं: निरोगी आणि किमान सुसंस्कृत जीवन जगणं हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. पुढच्या वर्षी ६० वर्षांवरची माणसं आणि तान्ही मुलंही त्यात आली. १९६२ मध्ये त्या गावात एकही तान्हं मूल दगावलं नाही. १९८३ मध्ये सगळ्या देशात चाळिशीपुढच्यांची तपासणी नगरपालिकांवर सोपवली गेली, तेव्हा क्योवाच्या कामाला दोन वर्षं झाली होती.

आज त्सुकुबात एखादा कमी उत्पन्नाचा माणूस आजारी पडला तर काय होतं? विम्याचा हप्ता उत्पन्नाप्रमाणे ७०, ५० किंवा २० टक्क्यांनी कमी होतो; मात्र त्यासाठी उत्पन्न शून्य असलं तरी तसं नगरपालिकेला कळवावं लागतं. बिलाचे ३० टक्के स्वतःचे, पण त्यालाही महिन्याची मर्यादा आहे. सत्तरीच्या आतल्या, स्थानिक कर माफ असलेल्या माणसासाठी २०२५ मध्ये ती ३५,४०० येन होती. चिठ्ठीशिवाय थेट विद्यापीठाच्या इस्पितळासारख्या मोठ्या इस्पितळात गेलं, तर पहिल्या भेटीला निदान ७,००० येन जास्तीचे. त्यामुळे माणूस आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. ज्याच्याकडे काहीच उरलेलं नाही त्याच्यासाठी १९५० च्या कायद्याने दिलेलं सरकारी साहाय्य आहे आणि त्यात उपचार पूर्ण मोफत आहेत.

आता गडचिरोली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेतल्या डॉ. योगेश कालकोंडे आणि सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या ८६ गावांतल्या मृत्यूंचा शोध घेतला. तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. १,५९९ मृत्यूंपैकी २२९, म्हणजे १४.३ टक्के, पक्षाघाताचे होते. इतर कोणत्याही कारणाने इतकी माणसं मेली नव्हती. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार असं मानणाऱ्यांना या आकड्याने हादरा बसायला हवा होता. त्याहून बोलका आकडा दुसरा आहे: ही माणसं बहुतेक घरीच मेली, दहांतली जवळपास नऊ.

पक्षाघातावर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे. ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून, मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री पटल्यावर. धानोरा तालुक्यातल्या एखाद्या आडगावातून पावसाळ्यात साडेचार तासांत हे जमणार कसं? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विमा संरक्षण आता वर्षाला ५ लाखांपर्यंत गेलं आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना म्हणून ती सुरू झाली, तिने असंख्य घरांना कर्जापासून वाचवलं आहे आणि तिची गरज मी कमी लेखत नाही. पण ती दार उघडते इस्पितळात भरती झालेल्यासाठी. रोज एक गोळी घेऊन पक्षाघात टाळू पाहणाऱ्या माणसासाठी तिच्यात काही नाही. देशाच्या आरोग्य लेख्यांनुसार २०२१-२२ मध्येही एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांच्या खिशातून गेले आणि त्यात औषधांचा वाटा मोठा असतो. रक्तदाबावरची अम्लोडिपिनसारखी गोळी जुनी आहे, स्वस्त आहे. अडचण येते ती उपकेंद्रातला साठा संपतो तेव्हा. मग गोळीसाठी तालुक्याला जायचं तर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं जातं. दुखत तर काहीच नसतं. माणूस गोळी सोडतो.

हे बदलता येतं याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या टप्प्यात भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे महाराष्ट्रातले जिल्हे निवडले गेले. ठरावीक मोजकी औषधं, त्यांचा साठा न तुटण्याची काळजी, एका वेळी महिन्याभराच्या गोळ्या, आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा, इतकीच त्याची रीत. क्योवाशी तिचं साम्य उघड आहे. फरक पैशाच्या वाटेत आहे. आपल्याकडे ग्रामपंचायतीला लकव्याच्या रुग्णाचं बिल कधीच येत नाही. ते येतं घराच्या नावावर, सावकाराच्या वहीत. म्हणून ग्रामसभेत रस्त्यावर चर्चा होते, रक्तदाबावर होत नाही. पंचायतीने विमा चालवावा असं मी म्हणत नाही. तेवढा पैसा आणि अधिकार तिच्याकडे नाहीत. पण या वर्षी गावात लकव्याने किती माणसं आडवी झाली, किती जणांच्या गोळ्या सुटल्या आणि त्यात किती घरांची जमीन गहाण पडली, हा हिशेब ग्रामसभेपुढे दर वर्षी वाचला गेला पाहिजे, असं मी ठामपणे म्हणेन.

जपानी व्यवस्थेची एक बाजू मात्र आपण घ्यावी अशी नाही. ती यादीवर चालते आणि यादीबाहेरच्या माणसाला ती पाहत नाही. हप्ता थकलेल्यांकडून विमापत्र काढून घेऊन पूर्ण बिल आधी भरायला लावण्याची पद्धत अनेक वर्षं चालली. जपानी शेती आता परदेशी मजुरांवर टेकली आहे आणि कागदपत्रांशिवाय काम करताना सापडणाऱ्यांच्या प्रांतवार आकडेवारीत इबाराकी अलीकडच्या वर्षांत पहिल्या क्रमांकावर आहे. त्यांतले बहुतेक शेतावरचे मजूर. त्यांना विमा नाही, तपासणीचं बोलावणं नाही, परिचारिकेच्या वहीत नाव नाही. १९९० मध्ये कोबेत एका श्रीलंकन विद्यार्थ्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि त्याचं बिल शहराने सरकारी साहाय्यातून भरलं. केंद्राने आपला वाटा द्यायला नकार दिला आणि त्याच वर्षी अशा परदेशी माणसांना हे साहाय्य देऊ नये अशी तोंडी सूचना खाली गेली. ज्या आजाराशी क्योवा घरोघर जाऊन लढत होतं, तोच आजार, त्याच देशात.

यादीबाहेर पडणारी माणसं आपल्याकडेही आहेत आणि त्यांना परदेशातून यावं लागत नाही. बीडच्या ऊसतोड कामगार स्त्रियांची २०१९ मध्ये पाहणी झाली तेव्हा ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यावर समिती बसली, विधिमंडळात चर्चा झाली. त्या स्त्रियांचा आणि त्यांच्या नवऱ्यांचा रक्तदाब मात्र वर्षातले सहा महिने कोणाच्याच वहीत नसतो. बीडच्या आशाताईच्या यादीत त्यांचं नाव असतं, पण त्या वेळी ते कोल्हापूर-सांगलीच्या फडात असतात. तिथल्या उपकेंद्राच्या दृष्टीने ते गावचे नसतात. मुकादमाची उचल घेऊन गाडीत बसण्याआधी प्रत्येक मोठ्या माणसाचा रक्तदाब मोजावा. ज्यांना गोळी चालू आहे त्यांना हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या बरोबर द्याव्यात, आणि त्यांच्या नावांची यादी कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला आधीच पोहोचवावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. बीड आणि कोल्हापूरच्या जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी एकमेकांशी बोलून ठरवलं तर येत्या हंगामातच हे होऊ शकतं.