प्रतिद्रव्य खाली पडतं की वर जातं?

हातातून सुटलेला आंबा खालीच पडतो. पण द्रव्याचं एक उलटं भावंड आहे, प्रतिद्रव्य. दोघं भेटले की दोघंही संपतात, उरतात फक्त किरण. कॅन्सरच्या पेट स्कॅनमध्ये त्याच किरणांवरून गाठ शोधतात. भाभा अणुसंशोधन केंद्रानं मुंबईत परळला हे यंत्र २००२ मध्ये आणलं.

मग हे प्रतिद्रव्य खाली पडतं की वर जातं? शास्त्रज्ञांना खालीच वाटे, पण पाहिलं कोणी नव्हतं. उफणताना वारा भुसा उडवतो, तशी विजेची जराशी ओढही हे कण भलतीकडे नेते. म्हणून जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत विजेचा भार नसलेले प्रतिहायड्रोजनचे अणू तयार केले. भिंतीला लागले तर संपले! म्हणून उभ्या नळीत चुंबकांनी ते अधांतरी धरले. मग वरची-खालची चुंबकाची अडवण २० सेकंदांत हळूहळू सैल केली. दहातले साधारण आठ अणू खालून निघाले. बाकीचे वरून गेले, कारण अणू मुळातच हलते असतात. हा निकाल सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झाला.

म्हणजे पृथ्वी प्रतिद्रव्यालाही खालीच ओढते. ही ओढ तंतोतंत तेवढीच आहे का, ते अजून बारकाईनं मोजायचं आहे. बचत गटाची शिल्लक तोंडपाठ असली, तरी आपण पैसे मोजूनच वहीत लिहितो ना? विज्ञानाचंही तसंच.