वैद्यकीय महाविद्यालयाची पारख

बारावीचा निकाल लागला कीं, यवतमाळ, पुसद, वणी, उमरखेड अशा गांवांतील सुशिक्षित घरांत एकच विषय निघतो. मुलास अगर मुलीस वैद्यकीय शिक्षण द्यावयाचें हें ठरलेलें असतें; परंतु तें कोठें, हा प्रश्न बहुधा माहितीपत्रकांतील चित्रें पाहून, नाहीं तर शेजाऱ्याच्या सांगण्यावरून सोडविला जातो. भव्य इमारत, हिरवळ, चकचकीत प्रयोगशाळा यांची मनास भुरळ पडते. दुरून डोंगर साजरे दिसतात. पण ज्यास साडेचार वर्षें अध्ययनांत व पुढें एक वर्ष आंतरवासितेंत त्या डोंगरावर काढावयाचें आहे, त्यानें तेथें पाणी कोठें आहे हें आधीं पाहिलेलें बरें.

पहिली पाहणी मान्यतेची. एम.बी.बी.एस. अभ्यासक्रमास राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची मान्यता लागते. हा आयोग २०२० सालीं जुन्या भारतीय वैद्यक परिषदेच्या जागीं आला. आयुर्वेद, परिचर्या, औषधनिर्माण या शाखांच्या नियामक संस्था निराळ्या आहेत. महाराष्ट्रांत परीक्षा व पदवी यांचा संबंध १९९८ सालीं नाशिक येथें स्थापन झालेल्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशीं येतो. एकाच संस्थेच्या एका अभ्यासक्रमास मिळालेली मान्यता दुसऱ्यास लागू पडत नाहीं. म्हणून अधिकृत यादींत संस्थेचें नांव, अभ्यासक्रम व जागांची संख्या हीं तिन्ही स्वतः ताडून पाहावीं. परिषदेच्या नोंदवहींत नांव चढल्यावांचून उपचार करण्याचा अधिकार मिळत नाहीं, आणि मान्यता नसलेल्या पदवीनें तें चढत नाहीं. शेत विकून घेतलेली अशी पदवी भिंतीवर टांगण्यापलीकडे उपयोगी पडत नाहीं.

दुसरी, आणि सर्वांत महत्त्वाची पाहणी रुग्णालयाची. वैद्यकविद्या अर्धी ग्रंथांत असते, तर अर्धी रोग्याच्या खाटेशेजारीं. यवतमाळचेंच उदाहरण घ्यावें. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ सालीं सुरू झालें. याच जिल्ह्यांतील गहुली गांवीं जन्मलेले व १९६३ ते १९७५ या काळांत राज्याचे मुख्यमंत्री असलेले वसंतराव नाईक यांचें नांव त्यास दिलेलें आहे. त्याच्या रुग्णालयांत कापूस पिकविणाऱ्या खेड्यांतून आणि कोलाम व गोंड वस्त्यांतून रोगी येतात. २०१७ सालीं पिकांवर कीटकनाशक फवारतांना जिल्ह्यांतील शेंकडों शेतकरी व शेतमजूर यांस विषबाधा झाली. वीसएक जण दगावले. त्यांतील पुष्कळ रोगी याच रुग्णालयांत आणले गेले होते.

डोळ्यांची बाहुली बारीक होणें, तोंडास लाळ सुटणें, श्वास कोंडणें हीं सेंद्रिय फॉस्फरस जातीच्या विषाचीं लक्षणें पुस्तकांत दोन ओळींत आटोपतात. त्यावर ॲट्रोपीन द्यावें, हेंहि तेथें लिहिलेलें असतें. परंतु छातींतील घरघर थांबेपर्यंत तें पुनःपुन्हा किती टोचावें व कोठें हात आवरावा, हें रोग्याजवळ रात्रभर उभें राहिल्यावांचून उमगत नाहीं. रिकाम्या खाटांच्या रुग्णालयांत हें ज्ञान मिळावयाचें कसें?

यास्तव एखाद्या साध्या दिवशीं, पूर्वसूचना न देतां, सकाळीं बाह्यरुग्ण विभागापुढें तासभर थांबावें. नोंदणीस रांग आहे काय, प्रसूतिविभाग व अपघातविभाग जागते आहेत काय, हें पाहावें. तथापि केवळ गर्दी म्हणजे गुणवत्ता नव्हे. शिकविणारा नसेल, तर रोग्यांच्या गर्दींत विद्यार्थी नुसता हमाल होतो. म्हणून तिसरी पाहणी अध्यापकांची. ती प्राचार्यांच्या दालनांत होत नाहीं. आंतरवासिता करीत असलेल्या तरुणांना गांठून करावी लागते. खाटेजवळ अध्यापक रोज येतात काय, शवविच्छेदनाच्या एका टेबलाभोंवतीं किती विद्यार्थी उभे असतात, स्वतःच्या हातानें किती बाळंतपणें केलीं, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. उत्तर देतांना जो अडखळतो, त्याचें अडखळणें हेंच उत्तर होय.

चौथी पाहणी खर्चाची. प्रवेश ‘नीट’ परीक्षेंतील गुणक्रमानें व सामायिक प्रक्रियेंतूनच होतो. अमुक रक्कम द्या, जागा देववितों, असें सांगणारा दलाल फसवीत असतो. शुल्काव्यतिरिक्त देणगी घेण्यास राज्यांत १९८७ च्या अधिनियमान्वयें बंदी आहे. वार्षिक शुल्कांत वसतिगृह, खाणावळ व पुस्तकें यांचा खर्च मिळवून पूर्ण मुदतीचा हिशेब मांडावा. पदवीनंतरच्या शासकीय सेवेचें बंधपत्र असल्यास तेंहि वाचून मगच सही करावी.

कांहीं पालकांस एवढी चिकित्सा अतिरेकाची वाटते. परंतु या निवडीचा खरा निकाल गुणपत्रिकेवर लागत नाहीं. तो कांहीं वर्षांनीं, झरी-जामणीकडील एखाद्या आरोग्य केंद्रांत, मध्यरात्रीं बैलगाडींतून आणलेल्या अनोळखी रोग्याच्या खाटेशीं लागतो. त्या रोग्यानें महाविद्यालयाची इमारत पाहिलेली नसते. त्याच्यापुढें असतात ते केवळ तेथें शिकलेले दोन हात.